फुकटची पिशवी

सौंसरजवळच्या बोरगावात एक किराणा दुकानदार होता. मनाचा भला, पण आपला भलेपणा चार लोकांना दिसावा, अशी त्याला हौस होती.

2017 मध्ये मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. दुकानदाराने पन्न्या बंद केल्या आणि कागदी पिशव्या आणल्या. पन्न्यांचा महिन्याचा गठ्ठा दुकानातला पोऱ्या काखेत मारून आणायचा. तेवढ्याच कागदी पिशव्यांना हातगाडी लागली. श्रावणात त्यांचे बूड भिजून डाळ रस्त्यावर सांडू लागली. मग गिऱ्हाइके एकात एक घालून दोन-दोन मागू लागली.

दुकानदाराने सुती पिशव्या शिवून घेतल्या. त्यांवर दुकानाचे नाव छापले आणि फुकट वाटल्या. लोक खूश झाले. पुढच्या बाजाराला तेच लोक हात हलवत आले आणि आणखी एकेक घेऊन गेले.

एकदा पोऱ्या उधारी मागायला घरोघर गेला. परत येऊन म्हणाला, "शेठजी, आपल्या पिशव्या साऱ्या गावात पडून आहेत. कोऱ्याच्या कोऱ्या!"

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी सौदा घ्यायला आला. त्याच्या हातात जुन्या धोतराची, ठिगळे लावलेली पिशवी होती.

"बाबाजी, टाका ती. ही नवी घ्या, फुकट आहे."

म्हातारा हसला. "शेठजी, मी कापूस पिकवतो. एका बोंडामागे किती पानी, किती फवारे लागतात, ते माह्या पाठीले ठावं आहे. जुनी फाटली नाही, तं नवी कायले घेऊ?"

म्हाताऱ्याला ठाऊक नव्हते, पण इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने 2011 मध्ये असाच हिशोब मांडला होता. एकदा वापरून फेकलेल्या पातळ पन्नीपेक्षा हवामानाला कमी भार व्हायचा, तर कागदी पिशवी 3 वेळा वापरावी लागते आणि सुती पिशवी 131 वेळा. पन्नी नाल्यात तुंबते, गाईच्या पोटात जाते, हे त्या हिशोबात धरलेले नाही. तेव्हा पन्नीवाल्यांनी खूश होऊ नये.

दुकानदाराने फुकट वाटप बंद केले. दाराशी एक खुंटी ठोकली. घरात पडून असलेल्या पिशव्या लोकांनी तिथे आणून टांगाव्यात, पिशवी विसरलेल्याने त्यातली न्यावी आणि पुढच्या बाजाराला परत आणावी, असे ठरले. पहिल्याच बाजाराला खुंटी भरली. नव्या पिशव्यांची मागणी त्याने रद्द केली.

पिशवी कशाचीही असो, फाटेपर्यंत वापरा.