मूतखडा आणि मोल

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना मूतखड्याचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु चार घरचे पाहुणे एकत्र जमले की तिसऱ्या चकलीनंतर कोणाच्या तरी शस्त्रक्रियेची गोष्ट निघतेच. आणि ज्या घरात मूतखड्याची कळ कोणी भोगलेली नाही असे घर आपल्याकडे विरळाच. दुखणे कोठून सुरू झाले, रिक्षा कशी मिळेना, डॉक्टर काय म्हणाले, हे सारे तपशीलवार सांगितले जाते. फक्त "खर्च किती आला?" असे कोणी विचारले की सांगणारा जरासा थबकतो. "झाला बाबा बराच," एवढ्यावर ती गोष्ट संपते.

या 'बराच'ला महाराष्ट्रात ठाव नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात योजनेतून शस्त्रक्रिया झाली तर रोग्याने काही द्यायचे नसते. २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण राज्यातील सर्वांसाठी खुले झाले. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. आणि याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडे, खाजगी रुग्णालयात त्याच खड्याचे बिल लाखाच्या पुढेही जाते. खडा तोच, दुर्बीण तीच, कधी कधी डॉक्टरही तोच.

कागदावर पाहिले तर मग लाख रुपये भरणारा कोणी उरूच नये. पण कळ रात्री दोन वाजता येते. माणूस पोट धरून लोळत असतो, आणि घरची माणसे जे दार जवळ आणि उघडे असेल तिथे त्याला नेतात. ते दार योजनेत आहे की नाही, शिधापत्रिका गावाकडच्या ट्रंकेत आहे की इथे, हा विचार सकाळी सुचतो. जिथे मोफत आहे तिथे यंत्र आणि ते चालवणारा हात असेलच असेही नाही.

एकाच कामाचे निरनिराळ्या माणसांकडून निरनिराळे दाम घेणे हा अन्याय आहे काय? प्रश्न जुना आहे. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाने पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कायदे कोरून ठेवले, त्यांत वैद्याचे दरही आहेत. मोठी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर उमरावाने १० शेकेल रुपे द्यावे, सामान्य माणसाने ५, आणि गुलामासाठी त्याच्या धन्याने २. आपल्याकडचा गावातला वैद्यही सावकाराकडून रोख घेई आणि मजुराला पसाभर ज्वारीवर पुडी बांधून देई. त्याला कोणी अन्यायी म्हटले नाही. मलाही म्हणवत नाही. तो रोग्याचे तोंड पाहत होता आणि त्या तोंडावरून त्याची ऐपतही वाचत होता. शिवाय कोणाकडून काय घेतले ते गावाला ठाऊक असे.

आज ऐपत वाचली जाते ती खोलीवरून. अनेक खाजगी रुग्णालयांत सामान्य कक्षातल्या रोग्याला शस्त्रक्रियेचा एक आकार आणि स्वतंत्र वातानुकूलित खोलीतल्याला दुसरा. खोलीचे भाडे जास्त असावे हे समजते. पण खोलीतल्या गारव्याने सर्जनच्या हातात अधिक कौशल्य कसे उतरते? यावर उत्तर मिळते की श्रीमंत जास्त देतो म्हणून गरिबाला कमीत परवडते. उत्तर सुंदर आहे, पण ते सर्वत्र खरे नाही. धर्मादाय रुग्णालयांत बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत जाते. तिथे ते निदान लिहिलेले तरी आहे. इतरत्र हिशेब कोण दाखवतो? उलट दर कमी करून घेण्याची ताकद असते ती विमा कंपनीजवळ, कारण ती हजार रोगी घेऊन सौदा करते. ज्याच्याजवळ विमा नाही तो एकटा असतो, आणि पुष्कळदा पूर्ण दर तोच भरतो. हम्मुराबीने सामान्याला निदान निम्मे तरी सोडले होते.

डॉक्टरांची बाजू नाही असे नव्हे. मूत्ररोगाचा तज्ज्ञ व्हायला शाळा संपल्यावर अकरा-बारा वर्षे लागतात. लेझर यंत्राचे हप्ते कोणाच्या कळवळ्याने फिटत नाहीत. सरकारी योजनेचे दर अपुरे आणि पैसे उशिरा, ही तक्रार मी खोटी मानत नाही.

म्हणून वेगवेगळ्या दामांपेक्षा मला जास्त सलते ती मुकी घासाघीस. सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी सांगून ठेवले आहे की न केली तर मृत्यू निश्चित, केली तर संशय. म्हणून वैद्याने आधी धन्याची अनुज्ञा घ्यावी. जिवाचा धोका आधी बोलून दाखवायचा, हा त्यातला सभ्यपणा. पैशाचा धोका मात्र आज कोणी बोलत नाही. 'पॅकेज' म्हणून एक आकडा सांगतात. मग भूलतज्ज्ञ निराळा, लेझर निराळा. मूत्रनलिकेत जी बारीक नळी ठेवतात ती काही आठवड्यांनी काढावी लागते, आणि त्याचे निराळे बिल आहे हे ती नळी आत बसल्यावर कळते. खडा किती कठीण आहे हे आत गेल्यावरच उमगते, हे खरे. परंतु कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढे सांगायला कोणती दुर्बीण लागते? शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. दर्शनी म्हणजे कोणाला दिसेल अशा, याचा अर्थ मात्र ज्याने त्याने लावला.

आणि आपणही कमी नाही. पैठणीसाठी चार दुकाने पालथी घालणारे आपण, दवाखान्यात भाव विचारला तर घरचेच डोळे वटारतात. "माणसापेक्षा पैसा मोठा झाला का?" मग धाकटा भाऊ जिन्याखाली उभा राहून कुजबुजत फोन करतो, वहिनी बांगड्या काढून पिशवीत घालते, आणि रोग्याला सांगतात, "तू काळजी करू नकोस, सगळी सोय झाली आहे." यात प्रेम आहे, नाही कसे म्हणू? पण ज्याच्या नावाने कर्ज होणार त्यालाच ते कळू न देणे, याला प्रेमाखेरीज आणखीही एखादे नाव असेल.

आमच्या ओळखीतल्या एका आजीबाईंना असे वावडे नव्हते. नातवाच्या शस्त्रक्रियेआधी त्या डॉक्टरांसमोर बसल्या, सुनेने कोपराने ढोसले तरी हलल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, पोराला बरे करा, तुमचे उपकार विसरणार नाही. पण ती नळी काढायचे पैसे यातच धरलेत का निराळे, तेवढे आत्ताच कागदावर लिहा." डॉक्टर हसले, आणि त्यांनी लिहून दिले.