मुलींचें मागें सरणें

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें चांदणी चौक ओलांडला कीं थोड्याच अंतरावर भूगांव लागतें. या जुन्या खेड्यांत आतां उंच इमारतींची दाटी झाली आहे. अशाच एका इमारतीच्या अंगणांत वाळूच्या ढिगावर दोन चिमुरड्या मुली एका डब्यासाठीं भांडत असलेल्या आमच्या पाहण्यांत आल्या. ओढाताण, आरडाओरडा, कशासच उणें नव्हतें. इतक्यांत त्यांच्याच वयाचा एक मुलगा आला. त्यानें डब्याला हात घालतांच दोघींपैकीं एक मुकाट्यानें भिंतीशीं जाऊन उभी राहिली. "किती समजूतदार पोर!" असे उद्गार आमच्या तोंडून निघाले, आणि घरीं परततांना त्यांचीच आम्हांस लाज वाटूं लागली. क्षणापूर्वीं ही समजूत कोठें गेली होती?

अमेरिकेंतील जॅकलिन व मॅकोबी या विदुषींनीं पावणेतीन वर्षांच्या अनोळखी मुलांच्या जोड्यांचें निरीक्षण १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. दोन मुली एकत्र असतां त्या क्वचितच स्वस्थ उभ्या राहत. जोडीस मुलगा असला म्हणजे मात्र मुलगी पुष्कळदां खेळणीं त्याच्या स्वाधीन करून नुसती पाहत राही. म्हणजे हा गरीबपणा मुलीच्या अंगचा नव्हे, त्या संगतींतला! पुढें मुलें मुलांत आणि मुली मुलींत रमूं लागतात, त्याचेंही एक कारण मॅकोबीबाईंनीं हेंच दिलें कीं, मुलींच्या सांगण्याला मुलगे दाद देत नाहींत.

यांत निसर्गाचा कांहींच भाग नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. मुलग्यांची दांडगाई अनेक समाजांत आढळते. माकडांच्या पिलांतही आढळते. परंतु निसर्गाचा वांटा कबूल केला म्हणून आमच्या शाबासकीचें समर्थन होत नाहीं. जिला नको म्हणण्याची सोयच दिसली नाहीं, तिच्या सोडून देण्यास त्याग कसा म्हणावा? आणि डबा घेऊन बसलेल्या मुलास आम्हीं एका शब्दानेंही हटकलें नाहीं, हें तर त्याहून वाईट. (दांडगाईची हौस मुलींना नसते म्हणावें, तर महाराष्ट्र केसरीची कुस्ती १९६१ पासून चालत आलेली, २०१७ सालीं ती या भूगांवांतच झाली. स्त्रियांसाठीं ती प्रथम भरली २०२३ सालीं, सांगलीस. मधलीं बासष्ट वर्षें हौस कोणाची नव्हती?)

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम त्या अंगणांत गेलों. "कां गं बाळ, काल तो डबा तुला हवा होता ना?" असें त्या मुलीस विचारलें. तिनें आधीं त्या मुलाकडे पाहिलें, आणि मग हळूच मान डोलावली.