निवाडा : टाकून देण्यासाठी नव्हे, निवडून घेण्यासाठी



प्रायश्चित्तकाळाचा निम्म्याहून अधिक प्रवास आपण पूर्ण केला आहे. आजचा चौथा रविवार आनंदाचा रविवार मानला जातो. आज जांभळ्याऐवजी गुलाबी रंगाची मिस्सावस्त्रे परिधान करण्याची मुभा असते. आणि नेमके आजचेच पहिले वाचन मात्र एका जळालेल्या मंदिराचे आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा हा शेवटचा अध्याय सांगतो, की देवाने कळवळून पुन्हा पुन्हा संदेष्टे पाठवले, लोकांनी त्यांची टर उडवली, आणि अखेर बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले, यरुशलेमचा तट पाडला व वाचलेल्यांना बंदिवासात नेले. आनंदाच्या रविवारी हे वाचन कशासाठी?

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "फादर, माझ्या कोणत्या पापाची ही शिक्षा?" हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी प्रभू येशूला विचारला होता. ना त्याच्या पापामुळे, ना त्याच्या आईवडिलांच्या पापामुळे, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. म्हणून कुणाच्याही आजारपणाकडे बोट दाखवून आपण 'देवाने शिक्षा केली' असे म्हणू नये. दुखणेकऱ्याच्या उशाशी बसून तर मुळीच म्हणू नये.

मग देव न्याय करत नाही का? करतो. आजच्या शुभवर्तमानात योहान तो कसा होतो ते सांगतो : प्रकाश जगात आला, पण माणसांना अंधार अधिक आवडला. इथे 'न्याय' या अर्थाने आलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'क्रिसिस', म्हणजे वेगळे करणे, निवडणे. आपला 'निवाडा' हा शब्दही 'निवडणे' यातूनच आला आहे. घरातली आई ताटात तांदूळ घेऊन उजेडात बसते आणि खडे वेचते. ती तांदूळ टाकून देण्यासाठी निवडत नाही, तर लेकरांच्या तोंडात घास जावा म्हणून निवडते. उजेड मात्र हवाच. अंधारात निवडलेल्या तांदळाचा खडा जेवताना दाताखाली येतो. आणि इतर लोक म्हणजे खडे व आपण म्हणजे तांदूळ असे कुणी समजू नये. एकाच अंतःकरणात दोन्ही असतात.

यरुशलेमच्या शेवटच्या दिवसांत हा उजेड यिर्मया संदेष्ट्याने धरला होता. नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने वेढा घातला, तेव्हा घाबरलेल्या सिद्कीया राजाने व प्रजेने देवासमोर करार केला आणि आपल्या इब्री दासदासींना मुक्त केले. सातव्या वर्षी दासाला सोडावे हा नियमशास्त्राचा दंडक त्यांच्या वाडवडिलांनी पाळला नव्हता. पुढे मिसरची फौज निघाल्याचे ऐकून बाबेलचे सैन्य काही काळ मागे हटले. संकट टळले असे वाटताच ज्यांना सोडले होते, त्यांनाच या लोकांनी पुन्हा दास केले! यिर्मयाच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय आपण घरी जरूर वाचावा. इस्पितळात केलेले नवस घरी परतल्यावर विसरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो फार जवळचा वाटेल. भीतीने झालेला पश्चात्ताप भीती संपताच संपतो. देवाचा निवाडा नेमक्या या खड्यावर बोट ठेवतो.

त्या काळी गोड बोलणारेही होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने, दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे मंदिरात जाहीर केले होते. लोकांना तो आवडला असणार. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली. निवाड्याला वळसा घालून पुनःस्थापनेकडे जाणारी वाट त्याने दाखवली नाही.

पण याच कठोर यिर्मयाने पुढे काय केले पाहा. वेढा पुन्हा आवळला होता. शहर पडणार हे इतर कुणाहीपेक्षा त्याला पक्के ठाऊक होते. तेच बोलल्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल आला व म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. अनाथोथ हे यिर्मयाचे जन्मगाव, यरुशलेमपासून अवघ्या काही किलोमीटरवर. याच गावच्या लोकांनी त्याच्या जिवावर उठून, संदेश देणे थांबव असे त्याला धमकावले होते. शत्रूच्या सैन्याने वेढलेल्या मुलखातली, वैरी झालेल्या गावातली जमीन कोण घेईल? यिर्मयाने घेतली. त्याने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि बारूखला सांगून ते मातीच्या मडक्यात ठेवले, कारण ते पुष्कळ दिवस टिकायला हवे होते. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा देवाचा संदेश त्याने असा स्वतःच्या पैशांनी लिहिला. विशेष म्हणजे, 'प्रभो, असे का?' हा प्रश्न त्याने प्रार्थनेत विचारला, पण किंमत चुकवल्यानंतर.

इ.स.पू. ५८७च्या सुमारास शहर पडले. यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले. ते शेत त्याने कसल्याचा उल्लेख पवित्र शास्त्रात नाही. परंतु इ.स.पू. ५३८मध्ये पारसाच्या कोरेश राजाने बंदिवानांना परतण्याची परवानगी दिली. आजचे वाचन त्याच आनंदाच्या घोषणेने संपते. परत आलेल्यांची यादी एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. एरवी ती रुक्ष वाटते. पण तिच्यात एक ओळ अनाथोथच्या माणसांची आहे : त्यांची संख्या १२८. ज्या गावाने यिर्मयाच्या जिवावर टपून बसावे, त्या गावासाठीही देवाने परतीची वाट मोकळी ठेवली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देवाचा न्याय आणि देवाची दया यांचा मेळ कसा घालावा यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. आज वाटते, उत्तर त्या मडक्यात होते. ज्या मुखाने निवाडा सांगितला, त्याच माणसाच्या हाताने शेत विकत घेतले. पुढे क्रुसावर तर न्यायाधीशानेच आपली किंमत स्वतःच्या रक्ताने चुकवली.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही वेढा पडलेली घरे आहेत. एका बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ एकाच मिस्साला येतात आणि शांतीचिन्ह देताना मान फिरवतात. 'वेळ आली की सारे ठीक होईल' असे हनन्यासारखे आम्हीही त्यांना म्हणू शकतो. परंतु ते खरे होणार नाही. कुणीतरी उजेडात बसून आपले खडे आधी वेचायला हवेत. कुणीतरी किंमत आधी मोजायला हवी : पहिला फोन, पहिली पायरी, प्रसंगी हातभर जमीनसुद्धा. त्याचे फळ कदाचित आपल्याला दिसणार नाही, आपल्या नातवंडांना दिसेल.

झावळ्यांच्या रविवारापूर्वी प्रायश्चित्त संस्कार घेण्यासाठी जरूर या. पापनिवेदनाची जागा म्हणजे कोर्ट आणि तिथे आपण आरोपी, असे मानून घाबरू नका. तिथे देव आपल्याला निवडायला बसलेला असतो, टाकून द्यायला नव्हे.

हे प्रभो, आमच्यातले खडे आम्हांला दाखव, आणि ते दिसल्यावर आम्ही उजेडातून उठून पळू नये असे कर. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू