पाचारण आणि अडसर

ईस्टर काळाचा चौथा रविवार कॅथलिक चर्चमध्ये पाचारण रविवार म्हणून पाळला जातो. अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या चर्चमध्ये त्या दिवशी उत्तम मेंढपाळाचं शुभवर्तमान वाचलं जातं. धर्मगुरू, धर्मबंधू, धर्मभगिनी होण्यासाठी तरुण पुढे यावेत म्हणून प्रार्थना होते. पोप पॉल सहावे यांनी हा प्रार्थना दिन १९६४ साली सुरू केला. त्याच वर्षी डिसेंबरात युखरिस्टिक काँग्रेससाठी ते मुंबईला आले होते. मिस्सा संपते, माणसं आवारात रेंगाळतात आणि बोलणं एकाच वाक्यावर येऊन ठेपतं: हल्ली मुलं कुठे पुढे येतात?

या वाक्यामागची काळजी खरी आहे. ती करणारी माणसं रोज जपमाळेची प्रार्थना करणारी, चर्चवर जीव असणारी आहेत. तरी मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. साष्टीच्या, म्हणजे आपल्या उपनगरांच्या, आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाचा पावणेपाचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर इथे पाचारणं वाढली ती बहुतेक वेळा चर्चने स्वतःच घातलेला एखादा अडसर दूर झाल्यावर. हाक देणं देवाचं काम आहे, असं आपण मानतो. मग आपलं काम काय, हा विचार या भूमीत कसा बदलत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात बोरिवलीच्या मंडपेश्वरला करता येते. खाली कातळात कोरलेली शैव लेणी आणि वर, त्याच टेकडीवर, छप्पर नसलेल्या दगडी भिंती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या आंतोनियो द पोर्तो यांनी इथे ठाण मांडलं. स्थानिक मुलांसाठी विद्यालय उभं राहिलं, त्याचेच हे अवशेष. अंधेरीच्या बाजूला येशूसंघीयांनी १५७९ साली कोंडिविट्याचं चर्च बांधलं. तेही आज भग्न आहे, सीप्झच्या कुंपणाआड. या ठिकाणी आपल्या पूर्वजांच्या मुलांनी बाप्तिस्मा घेतला, धर्मशिक्षण घेतलं. पण या मुलांपैकी कुणी उद्या स्वतः वेदीपाशी उभं राहून मिस्सा अर्पण करील, हा विचार त्या काळच्या मिशनरींच्या मनात क्वचितच होता. शिकवणारा युरोपातून येणार आणि शिकणारा इथला असणार, अशी वाटणी गृहीत धरलेली होती.

या गृहीतकाला पहिला धक्का वसईच्या एका मुलाच्या आयुष्याने दिला. गोन्सालो गार्सियाचे वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीयांच्या हाताखाली तो शिकला आणि त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा आत्मसात करून त्याने धर्मशिक्षकाचं काम केलं. त्याला येशूसंघात जायचं होतं, पण त्याला घेतलं गेलं नाही. स्थानिक आणि मिश्र वंशाच्या तरुणांना धर्मसंघांत सहसा प्रवेश नसण्याचा तो काळ होता. गोन्सालो व्यापारात पडला, जम बसवला, आणि तरीही मनातली ओढ विझली नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला धर्मबंधू म्हणून स्वीकारलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ साली चर्चने त्याला संत म्हणून घोषित केलं. तो भारतभूमीतला पहिला संत. ज्याला एका दारावरून परत जावं लागलं, त्याच्याच नावाने आज वसईत कॉलेज आहे. पाचारण ओळखण्यात चर्चची माणसं चुकू शकतात, हा धडा आपल्या पहिल्याच संताच्या चरित्रात आहे, आणि तो पाचारण रविवारच्या प्रवचनात यायला हवा.

गोव्यात हाच अडसर वेगळ्या रूपात होता. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळेना, म्हणून त्यांनी रोम गाठलं. तिथे दीक्षा मिळाली आणि १६३७ साली आदिलशाही मुलखासाठी ते बिशपही झाले. तरी गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा संघर्ष संपला नाही. पुढे स्थानिक तरुणांना धर्मप्रांतीय धर्मगुरू होता येऊ लागलं, पण युरोपीय धर्मसंघांची दारं बंदच होती. तेव्हा गोव्याच्या धर्मगुरूंनी स्वतःचा ओराटोरियन संघ उभा केला आणि त्याला आकार दिला बाणावलीच्या जुझे वाझ यांनी. २०१५ साली तेही संत म्हणून घोषित झाले.

एक अडसर पैशाचाही होता. मठवासी नसलेल्या धर्मगुरूला दीक्षेआधी आपल्या उदरनिर्वाहाची सोय दाखवावी लागे, आणि ज्याला दुसरं उत्पन्न नाही त्याच्या नावे घरच्यांनी मालमत्ता काढून ठेवण्याची प्रथा होती. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६२ साली घातलेला हा नियम उपाशी पाद्र्यांची फौज उभी राहू नये म्हणून होता, त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण साष्टीतला भातशेती करणारा कुणबी किंवा खाडीत जाळं टाकणारा कोळी मुलाच्या नावे काय काढून ठेवणार? घरात जमीन आणि शिक्षण असेल तिथेच पाचारण जन्माला येतं, असं मग वरवर दिसू लागलं. ती देवाची निवड नव्हती, नियमाचा परिणाम होता.

साष्टी मराठ्यांच्या हाती येऊ लागली होतीच, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईही घेतली. पोर्तुगीज धर्मगुरूंना निघून जावं लागलं. चर्चांची धुरा एतद्देशीय धर्मगुरूंच्या खांद्यावर आली, त्यांतले पुष्कळ गोव्याकडचे. दोनशे वर्षं ज्यांना दुय्यम मानलं गेलं, त्यांनीच या गावांमधली श्रद्धा टिकवली. संधी मिळाल्यावर माणसं उभी राहिली, हे इथे सिद्ध झालं. खेद याचा, की हा अडसर चर्चने विचारपूर्वक काढला नाही, तो राजकीय पराभवाने निघाला.

त्यानंतरच्या काळात पाचारणाची कल्पना घराशी जोडली गेली. घरातला एक मुलगा वेदीसाठी द्यावा, ही इच्छा आयांच्या प्रार्थनेत आली. नव्या धर्मगुरूची गावातली पहिली मिस्सा हा अख्ख्या गावठाणाचा सोहळा होतो. वाजंत्री असते, जेवणावळ असते. मिस्सेनंतर लोक रांग लावून नव्या फादरच्या तळहातांचं चुंबन घेतात, कारण त्या हातांना दीक्षेच्या वेळी पवित्र तेल लावलेलं असतं. म्हाताऱ्या आजीबाई रांगेत असतात आणि पहिलीच्या वर्गातली मुलंही. त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या मनात काय रुजत असेल, ते कुठलंही शिबिर देऊ शकणार नाही. कुटुंब हे पाचारणाचं पहिलं घर आहे, हे तत्त्व पुढे चर्चने शब्दांत मांडलं. गावठाणं ते आधीपासून जगत होती.

या अभिमानाला दुसरी बाजूही होती. मुलं बारा-तेराव्या वर्षी लहान सेमिनरीत जात. काहींना ती वाट खरोखर आपली वाटे, काहींची ती आईने बोललेल्या नवसाची असे. एखादा मुलगा चार वर्षांनी परत आला की घरच्यांची मान खाली जाई आणि त्याच्या नावामागे ‘सेमिनरी सोडून आलेला’ हे शब्द जन्मभर चिकटत. घरच्या अभिमानाने जसं काहींना बळ दिलं, तसं काहींचं स्वातंत्र्य हिरावलं. सध्याच्या चर्च कायद्याचं १०२६ वं कलम स्पष्ट सांगतं की दीक्षा घेणारा पूर्ण मोकळा हवा आणि कुणावरही कसलीही सक्ती करता येणार नाही. नाही म्हणण्याची मुभा नसेल, तर होकारालाही अर्थ राहत नाही.

विसाव्या शतकात रोमचा सूर बदलला. नोव्हेंबर १९१९ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी एका पत्रातून मिशनरींना खडसावलं. स्थानिक धर्मगुरू केवळ मदतनीस म्हणून घडवू नका, त्यांना पूर्ण शिक्षण द्या, उद्या चर्चचा कारभार त्यांनीच पाहायचा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच मार्चमध्ये मरोळच्या एका कुटुंबात सायमन पिमेंटा यांचा जन्म झाला. १९४९ साली ते धर्मगुरू झाले. १९५० साली आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज येशूसंघीयाने भारतीय माणसाला वाट मोकळी करून दिली, आणि कराचीत वाढलेले गोव्याच्या वंशाचे व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली तेच भारताचे पहिले कार्डिनल झाले. १९७८ मध्ये त्यांच्यानंतर आले पिमेंटा. कोंडिविट्याचं चर्च १५७९ सालचं. ते १८४०च्या सुमारास सोडावं लागलं आणि त्याचा वारसा मरोळच्या चर्चकडे आला. म्हणजे त्या वेदीपासून त्याच मातीतला मुलगा आर्चबिशपच्या आसनावर बसेपर्यंत चारशेला एक कमी इतकी वर्षं गेली. मरोळच्या मुलांमध्ये त्या चार शतकांत गुणांची वाण होती, असं कोण म्हणेल?

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रवास आणखी वेगळा आहे. जुन्या मठांत प्रवेश घेणाऱ्या मुलीने सोबत ठरावीक रक्कम आणायची रीत होती. लग्नासाठी हुंडा आणि मठासाठीही पैसा, मग गरिबाच्या मुलीने जायचं कुठे? अंधेरीने याला एक उत्तर दिलं. ॲना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनी इथे टाकलेल्या, अनाथ मुलांची सेवा करत होत्या. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी अंधेरीतच ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ सुरू केला. वर्सोव्याचं विमला डर्मॅटॉलॉजिकल सेंटर या भगिनींचं. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळात या भगिनी त्यांच्या जखमा धूत होत्या. पुढे हा संघ आफ्रिकेतही पोचला. आपल्या उपनगरात जन्मलेला संघ इथिओपिया-केनियात सेवा करतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली या सगळ्या अनुभवाला तात्त्विक बैठक दिली. पाचारणाची जोपासना हे संपूर्ण ख्रिस्ती समाजाचं कर्तव्य आहे, असं तिने सांगितलं. त्याआधी वर्षभर तिनेच हेही मांडलं होतं की पवित्रतेची हाक प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आहे. यानंतर लग्न, नोकरी, पालकत्व यांकडेही पाचारण म्हणून पाहिलं जाऊ लागलं. काहींना वाटतं, यामुळेच धर्मगुरूपदाचं महत्त्व कमी झालं. मला उलट वाटतं. प्रत्येकाला हाक आहे असं मानणारा समाजच मुलाला विचारू शकतो की तुझी हाक कोणती? ज्या घरात हा प्रश्न डॉक्टर की इंजिनिअर यापलीकडे जात नाही, तिथे धर्मगुरूपदाचा विचार येणार कुठून?

आज उपनगरांत अडसर कोणते आहेत? पहिला घरातलाच. आय.सी. कॉलनीतल्या किंवा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये एक किंवा दोन मुलं असतात, त्यातलं एखादं कॅनडाला किंवा आखातात गेलेलं. म्हातारपणी आमचं कोण पाहील, ही आईवडिलांची चिंता स्वार्थी नाही. पॅरिशने त्या आईवडिलांची जबाबदारी उघडपणे स्वीकारली, तर मुलाला मोकळेपणाने निर्णय घेता येईल. दुसरा अडसर एकटेपणाचा. आपण फादरकडे वाद घेऊन जातो, दाखले मागायला जातो, पण त्यांना जेवायला बोलावणारी घरं कमी होत चालली आहेत. थकलेला, एकटा माणूस रोज डोळ्यांसमोर असताना तरुणाला ते आयुष्य हवंसं कसं वाटेल? तिसरा अडसर धर्मभगिनींच्या स्थानाचा. शाळा, दवाखाने, वस्त्या त्या चालवतात, पण पॅरिशच्या निर्णयात त्यांचा शब्द किती चालतो, हे आजच्या शिकलेल्या मुली पाहतात.

चौथा अडसर भाषेचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, हरित वसईसाठी लढा दिला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्याकडे पाहून वसईतल्या मुलाला कळत होतं की धर्मगुरू होणं म्हणजे आपल्या भाषेपासून, मातीपासून तुटणं नव्हे. उपनगरांत मात्र बऱ्याच पॅरिशचा व्यवहार इंग्रजीत चालतो. घरी मराठी बोलणारा मुलगा तिथे मागच्या बाकावर बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

मुलांना बोलावताना सावधपणाही हवा. मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणांनी जगभरच्या चर्चला फार मोठी किंमत मोजायला लावली आहे, आणि त्याहून मोठी किंमत त्या मुलांनी मोजली. म्हणून येईल त्याला घ्या, ही भूमिका कधीच घेता येणार नाही. गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजसारख्या सेमिनरीत धर्मगुरू घडायला बरीच वर्षं लागतात. ती वर्षं पारखून घेण्यासाठी आणि स्वतःला पारखण्यासाठी असतात. त्यातून कुणी परत आला, तर ती प्रक्रिया नीट चालल्याची खूण समजायला हवी.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक पॅरिशने सेमिनरीतून किंवा कॉन्व्हेंटमधून परत आलेल्यांना सन्मानाने बोलावावं, त्यांचं ऐकावं आणि धर्मशिक्षणाच्या कामात त्यांना जागा द्यावी. परतण्याची लाज संपली, तर जाऊन पाहण्याची भीती संपेल. मग एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला आपल्या मनातली गोष्ट मोकळेपणाने सांगता येईल, आणि ऐकणाऱ्या आईवडिलांनाही एकदम हो किंवा नाही म्हणण्याची घाई करावी लागणार नाही. गोन्सालोला ही मोकळीक वसईत मिळाली नाही, तिच्यासाठी त्याला मनिला गाठावं लागलं. आपल्या मुलांना ती आपल्याच पॅरिशमध्ये देणं आपल्याला जमण्यासारखं आहे.