मोर राष्ट्राचा, पेरणी कुणाची?

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीची कथा चंद्राच्या फजितीची आहे. उंदरावर बसलेल्या गणपतीला तो हसला, शाप घेऊन बसला आणि त्यातून सुटायला इथं येऊन त्यानं तप केलं. मग देवानं त्याला कपाळावर जागा दिली, अशी श्रद्धा. कथेतला उंदीर मात्र विसरला जातो. गणपतीच्या देवळात उंदराच्या कानात गाऱ्हाणं सांगणारा माणूस घरी येऊन कणगीखाली उंदराची गोळी ठेवतो. मला यात ढोंग दिसत नाही. देव्हाऱ्याचा नियम वेगळा, कणगीचा वेगळा, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. पंचाईत होते ती दोन्हीकडे एकाच वेळी हक्क सांगणाऱ्या प्राण्याची. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात तो प्राणी म्हणजे मोर.

जवळच पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली घोषित झालेलं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. मुरमाड टेकड्या, बोरी-बाभळी, सीताफळाची झुडपं. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं. त्याआधीपासून तो कार्तिकेयाचं वाहन आहेच, पैठणीच्या पदरावर आहेच. इतका मान असलेला पक्षी खातो मात्र शेतात. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. मोराला ती दिसत नाही, आणि दिसली तरी पलीकडचं सोयाबीन त्याला अलीकडच्या गवतापेक्षा गोडच लागणार.

त्याचं खाणं एकदा नीट बघावं. पेरणीनंतर कोंब मातीतून वर येतो तेव्हा दाण्याच्या दोन डाळी अजून त्याला चिकटलेल्या असतात. मोर, लांडोरी सकाळी उन्हं तापायच्या आत तासाच्या एका टोकानं शिरतात आणि दाण्यासकट कोंब उपटत जातात. ओळीत पेरलेलं असल्यानं त्यांना शोधावंही लागत नाही. रानडुकरासाठी बांधावर लावलेलं झटका मशीन इथं कुचकामी, कारण हे पाहुणे तारेवरून उडून येतात. जुन्या साड्या बांधून झाल्या, डबे वाजवून झाले. पावसाची ओढ असलेल्या वर्षी दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची दुसरी पिशवी, बहुतेकदा उधारीवर. मग कुणाच्या तरी हाताला थायमेट लागतं. थायमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. २०२० च्या अखेरीस त्यावर बंदी आली. विष चोळलेले दाणे बांधाला टाकले की काम होतं आणि ज्यांच्यासाठी टाकले नव्हते ते चिमण्या-पारवेही मरतात. हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे, ती व्हावी. पण असा गुन्हा घडला की शहरात जी हळहळ होते, तिच्यात त्या दुसऱ्या पिशवीचा उल्लेखही नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: इतर जीवांशी असलेल्या नात्याची परीक्षा प्रेमात होत नाही, तोटा कुणी सोसायचा यात होते. मोर आनंद देतो सगळ्या देशाला, बियाणं खातो एकट्याचं. जनावरांचा खर्च सरकारनं उचलायचा असतो, हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. २०१९ च्या दुष्काळात राज्यात सर्वांत जास्त चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपयांपर्यंत मिळत. गाय जगवणं ही सगळ्यांची जबाबदारी, हे मान्य होतं. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीच्या भरपाईच्या यादीतही रानडुक्कर, हरीण, रोही आहेत. मोरानं उपटलेल्या कोंबांचा पंचनामा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पाश्चात्त्य विचारवंतांनी इतर जीवांशी असलेल्या नात्याच्या दोन वाटा पाडल्या. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये मांडलं की ज्याला वेदना होते त्याची वेदना हिशेबात धरलीच पाहिजे, मग जात कोणतीही असो. त्याआधी आल्डो लिओपोल्ड यांनी (त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ ला आलं) एकेका जीवापेक्षा माती, पाणी, झाडं, प्राणी यांच्या समाजाकडे पाहायला सांगितलं. दोघंही मला पटतात. मात्र चार एकरांच्या मालकाला या समाजाची वर्गणी किती, हे दोघांकडूनही कळत नाही.

हिशेब नको वाटला की आपण गोष्टी रचतो. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. तिथं पिल्लं उपाशी राहून किंवा खाली पडून मरत. बघता बघता आकडा अडीचशेवर गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘वानरांचा सूड’ झळकला. नागपूरच्या वनविभागाच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. एवढ्याशा गावात अडीचशे पिल्लं आली कुठून, हे विचारायला फार कुणी थांबलं नाही. सुडाची गोष्ट आपल्याला चटकन कळते, कारण ती आपलीच आहे. दुसऱ्या टोकाचा प्रकारही इथलाच: फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपदी चक्क वडाचं झाड होतं. कल्पना मला आवडली होती, अजूनही आवडते. वडाला अध्यक्ष करायला काहीच गमवावं लागत नाही, एवढीच तिची अडचण.

माझ्या या तोट्याच्या तर्कालाही एक भोक आहे, आणि ते टिटवीनं पाडलंय. टिटवी कुणाचं पीक खात नाही. तिच्यासाठी अभयारण्य नाही, भरपाईचा प्रश्न नाही. म्हणजे माझ्या वहीत तिचं खातंच उघडत नाही. उघड्या रानात, मातीच्या रंगाची अंडी खड्यांमध्ये घालून ती बसते. तिला आजवर सांभाळलं ते समजुतीनं: अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस चांगला, सखल जागी असली तर ओढ. म्हणून औतामागे चालणारा माणूस अंडी शोधायचा, आणि सापडली की तेवढा तुकडा सोडून औत वळवायचा. वडाच्या संमेलनातली जी भावना मी वर बिनखर्चाची म्हणून बाजूला सारली, तसल्याच श्रद्धेनं हे काम केलं. भरपाईच्या कुठल्याच आदेशानं ते झालं नसतं.

आता मशागत रोटाव्हेटरनं होते. मशीन भाड्याचं, चालक बहुधा दुसऱ्या गावचा, दिवसात आणखी तीन शेतं उरकायची असतात. समजूत त्यालाही ठाऊक असते, पण ट्रॅक्टरच्या सीटवरून अंडी दिसत नाहीत.