तुकोबांचा ‘मी’ कोणाचा?

तुकोबांनी आपलं आयुष्य एका अभंगात सांगून टाकलं आहे. तेही आपण होऊन नव्हे. हे बोलणं बरं दिसत नाही, पण संतांनी विचारलंय, त्यांचा शब्द कसा मोडू, असं सुरुवातीलाच म्हटलं आहे. जात, वाण्याचा धंदा, आईबापांचं जाणं, 1630च्या सुमाराच्या दुष्काळात गेलेला पैसा आणि मान, अन्न अन्न करत मेलेली बायको. हे सगळं भराभर उरकतं. बायकोचं नावही येत नाही. तुकोबा रेंगाळतात पुढे. पडकं देऊळ नीट करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन मांडलं, अभ्यास नव्हता म्हणून संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं. घरातल्या मृत्यूला अर्धी ओळ आणि कीर्तनातल्या आपल्या जागेचा मात्र इतका नेमका हिशेब! मला त्या अभंगात तुकोबा सर्वांत जास्त दिसतात ते या मापात.

आता गाथेतला दुसरा एक अभंग घ्या. त्यातही बाप, बायको, मूल, आई एकामागून एक जातात. पण इथे दर मरणाला सुटका म्हटलं आहे, आणि विठोबाला सांगितलं आहे की आता तू नि मी, मधे कोणी नाही. एकीकडे लाज आणि दुःख, दुसरीकडे जवळजवळ उर्मट म्हणावी अशी मोकळीक. यातला खरा कोणता? ही पंचाईत चरित्रकाराची. भजनात दोन्ही म्हटले जातात आणि कोणी अडत नाही, कारण तिथे ‘मी’ म्हणणारा दर वेळी गाणारा असतो. आपल्याकडची जुनी समजूत हीच होती.

ती हळूहळू बदलली. बुडवलेल्या वह्यांची गोष्ट त्याच आत्मकथनात आहे, पण कविता करायला मनाई कोणी केली, हे तिथे नाही. मनाई करणारे म्हणून रामेश्वर भटांचं नाव आणि त्याभोवतीचं नाट्य महिपतींसारख्या चरित्रकारांनी घराघरांत नेलं. ‘भक्तविजय’ 1762चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. पुढे मुंबई सरकारच्या मदतीने 1869 पासून छापलेल्या गाथेला जनार्दन सखाराम गाडगीळांनी इंग्रजीत चरित्र जोडलं. छापील पुस्तक एकट्याने वाचायचं असतं. एकट्या वाचकाला कवीही एकटाच दिसू लागला. स्वतःला पतित म्हणणं ही भक्तीची रीतच, नामदेवांपासूनची. तीही मग कबुलीजबाब म्हणून वाचली जाऊ लागली.

1936च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने तर कमाल केली. ‘आधी बीज एकले’ हे त्यातलं पद शांताराम आठवल्यांचं. लोक ते तुकोबांचंच समजून चालले, आजही कित्येक समजतात. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा समोर होता, मग पद तुकोबांचं नाही असं कोणाला वाटणार? (आठवल्यांना यापेक्षा मोठी पावती कोणती मिळणार होती, हा भाग वेगळा.)

म्हणून अभंगातला माणूस शोधूच नये, असं मी म्हणणार नाही. दुष्काळ खरा होता, भूक खरी होती. ती काढून टाकली तर तुकोबांचा देवाशी चाललेला रोकडा व्यवहारही हवेत जाईल. पण घटना कळली की अभंग कळला, ही समजूत आळशी आहे. तीच बायको दोन अभंगांत दोन तऱ्हांनी मरते, आणि चरित्र आपल्याला त्यातली एकच तऱ्हा देतं. दुसरी अडचणीची, म्हणून कित्येकदा वगळून.

घरात गाथा असेल तर हे दोन अभंग शोधून लागोपाठ वाचा, जमलं तर मोठ्याने म्हणा. चरित्र त्यानंतर उघडा.