मी असते कुठे?

रात्री जेवणं उरकली की चिपळूणच्या घरातून मी पुण्यातल्या विद्यापीठाच्या व्हीपीएनला जोडून घेते. पासवर्ड टाकायचा, मोबाईलवरच्या ॲपमधला सहा आकडी कोड टाकायचा, की लॅपटॉपला 10 ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. बाहेरच्या इंटरनेटवर हा पत्ता चालत नाही, तो कॅम्पसच्या आतला. इथून निघालेलं सगळं कुलूपबंद होऊन पुण्यात पोचतं, तिथे उघडतं आणि विद्यापीठाच्या नावावर पुढे जगात जातं. म्हणून एरवी पैसे मागणारी जर्नल्स सरळ उघडतात. बाहेर पागोळ्या गळत असतात आणि हवामानाचं पान मला पुण्यातलं कोरडं आभाळ दाखवतं.

अशा वेळी मी असते कुठे? डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञाने 1978 साली ‘व्हेअर ॲम आय?’ या निबंधात हाच प्रश्न घेतला होता. त्यात त्याचा मेंदू ह्यूस्टनमध्ये एका टाकीत आहे, शरीर दूर टल्साला कामगिरीवर गेलंय, आणि दोघांमध्ये फक्त रेडिओचा दुवा आहे. जिथून जग दिसतं तिथे आपण असतो, हे उत्तर तो तपासून बघतो आणि ते पुरेसं ठरत नाही. मलाही ते पुरत नाही. डोळे मिटले की मन आळंदीला जातं, पण म्हणून मी आळंदीत नसते.

माझं उत्तर मला विद्यापीठाच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, लागलेल्या कामांच्या रांगेत सापडलं. squeue असा हुकूम दिला की काळ्या पडद्यावर ओळी येतात. माझ्या नावापुढे R, म्हणजे काम चालू. खाली एका विद्यार्थ्याच्या नावापुढे PD, म्हणजे तो थांबलाय. प्रथिनांच्या हालचालींचं गणित करायला मी गरजेपेक्षा जास्त प्रोसेसर-कोअर मागून ठेवले, तर त्याची रात्र फुकट जाते. त्याने मला पाहिलेलंही नाही, तरी त्याच्या थांबण्याचा जाब मला विचारता येतो. आपल्या करण्याचा भार जिथे दुसऱ्यावर पडतो आणि त्याबद्दल आपल्याला जाब विचारता येतो, तिथे आपण असतो. त्याच वेळी आतल्या खोलीत सासूबाईंची गोळी द्यायची असते, तेव्हा मी इथेही पुरती असते. दोन ठिकाणी असणं मला अवघड वाटत नाही. दोन्हीकडचा जाब देणं मात्र अवघड आहे.

पण जाब द्यायला आधी आत जाता यायला हवं. पंढरपूरला महाद्वारासमोर, मंदिराबाहेर, दलित संत चोखोबांची समाधी आहे. देव भावाचा भुकेला, मग आत जायची गरजच काय, असं म्हणून माणसांना शतकानुशतकं बाहेर ठेवता आलं. साने गुरुजींनी हे ऐकून घेतलं नाही. मे 1947 मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं मंदिर दलितांसाठी खुलं झालं. भाव थोर खरा, पण त्याचा आधार घेऊन कुणाचं दार बंद ठेवलं जात असेल, तर तो देवाचाही अवमान आहे असं मी मानते.

त्या अन्यायाची आणि संगणकाच्या खात्याची तुलना होऊ शकत नाही. तरीही आत असणं म्हणजे काय, हे मी तिथून शिकले. आमच्याकडे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली की विद्यार्थ्याचं खातं लवकरच बंद होतं. सुरक्षेसाठी हे लागतं, मला मान्य आहे. बेवारस खात्यांतून चोर शिरतात. पण शोधनिबंधाच्या परीक्षकांच्या शंका बरेचदा त्यानंतर येतात. विद्यार्थिनी तेव्हा गावी असते, तिचा विदा क्लस्टरवर असतो, आणि स्वतःच्याच निष्कर्षाचा जाब तिला देता येत नाही. “मॅडम, फाईल काढून देता का?” असा फोन येतो. मी काढून देते. पण ते उत्तर तिने स्वतः आत जाऊन शोधायला हवं. म्हणून परीक्षेनंतर वर्षभर खातं चालू ठेवावं, त्यासाठी मार्गदर्शकाची हमी घ्यावी आणि कोअरची मर्यादा कमी करावी, असं पत्र मी विभागाला दिलं आहे. पहिली हमी माझी असेल, हेही त्यात लिहिलं आहे.